देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं? आमच्या घरात यावरूनच रोज वाजून राहिलंय

सकाळची_पहिली_बस (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहून राहिले. लांब होईल, माफ करा.

आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. मिस्टर हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत 9 वर्षं होते, मशीनवर. दोन महिन्यांआधी कंपनीने इथलं काम बंद केलं, सगळ्यांना एकाच दिवशी घरी पाठवलं. माझी नोकरी एका नर्सरी शाळेत आहे, हातात साडेआठ हजार येतात. फ्लॅटचा हप्ता 14,200 आहे. म्हणजे गणित तुम्हाला सांगायला नको.

आता खरा प्रश्न. आमचं घर खूप श्रद्धेचं आहे. सासूबाई कितीतरी वर्षांपासून दर चतुर्थीला टेकडी गणपतीला जातात, पाय दुखत असले तरी जातात. मिस्टर गजानन महाराजांना मानतात, दर गुरुवारी पोथी वाचतात, लग्नानंतर आम्ही पहिले शेगावलाच गेलो होतो. मी पण मनापासून मानते, कोणाला दाखवायला नाही. पण नोकरी गेल्यापासून मिस्टर म्हणतात महाराज बघतील, तू टेन्शन नको घेऊ. सकाळी अंघोळ, पोथी, मग दुपारी थोडं बाहेर जाऊन येतात, संध्याकाळी येऊन गप्प बसतात. कुठे अर्ज केला का विचारलं की म्हणतात करतो, वेळ आली की सगळं होतं.

मी काय करते तर मी एक वही केली आहे. त्यात सगळं लिहिते, कोणत्या तारखेला काय भरायचं, मुलीच्या व्हॅनचे किती, गॅस कधी संपेल, मी शाळेनंतर ट्यूशन घेतल्या तर किती मुलं लागतील. आधी मी पूर्ण वर्षाचं लिहायला बसायची, पुण्याला जायचं का, फ्लॅट विकायचा का, मुलीची शाळा बदलायची का, आणि रात्री दोन दोन वाजेपर्यंत डोळे उघडे राहायचे, छातीत धडधड व्हायची, आणि सकाळी त्यातलं एकही पान कामाचं नसायचं कारण एक गोष्ट बदलली की पुढचं सगळंच बदलते. आता मी फक्त या आठवड्याचं लिहिते आणि जास्तीत जास्त पुढच्याचं. त्याने थोडं बरं वाटते.

पण मागच्या मंगळवारी सासूबाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "सगळं तूच लिहून ठेवलं बाई, आता देवाले काय काम उरलं?" त्या रागाने नाही बोलल्या, सहज बोलल्या. पण ते मला एवढं लागलं की मी त्या दिवशी देवासमोर दिवा लावताना रडले. खरंच असं आहे का? मी प्लॅन करते म्हणजे माझा विश्वास कमी आहे का? आणि मिस्टर काहीच करत नाहीत तो विश्वास जास्त आहे का? मला भांडण लावायचं नाही, मला खरंच समजून घ्यायचं आहे. ज्यांनी असे दिवस पाहिले त्यांनी सांगा, तुम्ही देवावर काय सोडलं आणि स्वतःकडे काय ठेवलं.

काटोलवाला

ताई तुमचं वाचलं आन् राहवलं नाई म्हणून लिहून राहिलो. मी काटोल तालुक्यातला, संत्र्याची साडेतीनशे झाडं हाय आमची. शिकलेला जास्त नाई पण बागेतलं सांगतो, त्याच्यात तुमचं उत्तर हाय का पाहा.

संत्र्याले आंबिया बहार, म्हंजे जानेवारी-फेब्रुवारीतलं फुल, घ्यायचा असन तर डिसेंबरात पाणी बंद करा लागते. त्याले आमी ताण देणं म्हणतो. चांगलं हिरवंगार झाड, विहिरीत पाणी हाय, आन् तुमी मुद्दाम त्याले तहानलेलं ठेवता. हलकी जमीन असन तर महिनाभर, आमच्यासारखी काळी भारी असन तर दीड दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. पाहणाऱ्याले वाटते झाड मेलं. आन् मंग जानेवारीत ताण तोडायचा, पहिलं पाणी हलकं द्यायचं, मंग पाळीपाळीनं वाढवायचं. तवा फुल फुटते.

आता ह्यात दोन चुका होतात आन् दोन्ही आमच्या घरी झाल्या. माह्या बापानं एक साल भेवून लवकर पाणी सोडलं, झाडाकडं पाहवत नव्हतं म्हणून. त्या साली नुसती पालवी फुटली, हिरवीकंच बाग, आन् फुल नाई. दुसऱ्या साली मी उलटं केलं, लग्नकार्य होतं घरात, म्हटलं देव हाय, चार दिवस इकडं तिकडं, आन् ताण इतका लांबला का फांद्याच वाळल्या. ती सल, म्हंजे वाळलेल्या काड्या, काढता काढता उन्हाळा गेला. तर तारीख पाहणं, पान चुरून पाहणं, माती हातात घेऊन पाहणं हे माणसाचं काम हाय. ते देव येऊन नाई करत. पण एवढं सगळं बरोबर केल्यावर फुल किती फुटन हे मले आजपर्यंत सांगता आलं नाई, तीस वर्षं झाली बागेत. बहार धरणं आपलं हाय, बहार फुटणं त्याचं.

आन् अजून एक. एका साली फुल असं फुटलं का रात्री घरात वास यायचा, आन् फेब्रुवारीत गारपीट झाली. वीस मिनिटं. सकाळी झाडाखाली पांढरा सडा होता, फुलाचा का गारांचा समजत नव्हतं. माय देव्हाऱ्यासमोर बसली होती, बाप बॅटरी घेऊन रात्रीच बागेत गेला होता. कोणाचा विश्वास जास्त होता मले विचारलं तर मी म्हणन दोघांचाबी सारखाच, कारण सकाळी दोघंबी बागेतच होते, मोडलेल्या फांद्या गोळा करत. मंग बोर्डो, म्हंजे मोरचूद-चुन्याचं बुरशीचं औषध, फवारलं. मंग एप्रिल-मेमधी परत पाणी तोडून मृग बहार, म्हंजे पावसाळ्यातलं फुल, धरला. तो बरा आला. पण तो बरा येईन हे फेब्रुवारीत कोणाले माहीत होतं? तवा फक्त फांद्या गोळा करणं माहीत होतं.

तुमच्या वहीले देव रागवत नाई ताई. तुमी पान चुरून पाहून राहिल्या, एवढंच.

रोखठोक_नंदनवन

सरळ सांगतो, राग मानू नका. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच नाही केली. तुमचे मिस्टर आळस करत आहेत आणि त्याला श्रद्धेचं नाव देत आहेत. दोन महिने खूप होतात. त्यांना सांगा आधी अर्ज मग पोथी. मी स्वतः नोकरी गेल्यावर आठव्या दिवशी दुसरीकडे उभा होतो.

सकाळची_पहिली_बस

दादा तुम्ही माझ्या बाजूने बोलले ते समजलं पण आळशी नाहीत हो ते. 9 वर्षांत नाईट शिफ्टला सुद्धा कधी उशीर नाही केला. म्हणूनच तर मला समजून नाही राहिलं.

काटोलचे दादा, तुमचं मी दोनदा वाचलं. भेवून लवकर पाणी सोडलं ते वाचून माझी ती वर्षभराची पानं आठवली.

आईची_मोठी_मुलगी

ताई मी जे लिहितेय ते तुमच्या मिस्टरांबद्दल आहे, चुकीचं असलं तर सोडून द्या.

माझ्या आईला कॅन्सर होता. धरमपेठेत राहायचो आम्ही तेव्हा, बाबा नव्हते, मी आणि धाकटा भाऊ. केमो दर 21 दिवसांनी असायची. तर दीड वर्ष आमचं आयुष्य 21 दिवसांचं होतं. पहिला आठवडा उलट्या आणि ताप बघायचा, दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जातात तेव्हा कोणाला घरात येऊ द्यायचं नाही, तिसऱ्या आठवड्यात आई थोडी आई सारखी व्हायची, मग आम्ही तिला गच्चीवर न्यायचो आणि ती सगळ्यांना नावं ठेवायची. मग रक्त तपासायचं, रिपोर्ट बरा असला तर पुढची. मला आजही कोणी विचारलं ना की तुझे पुढच्या वर्षीचे प्लॅन काय, तर माझ्या डोक्यात एकवीसच्या पुढे आकडा जात नाही.

आणि भाऊ काय करायचा तर तो ताजबागला जायचा. आम्ही हिंदू, पण नागपुरात बाबा ताजुद्दीनांना कोण नाही मानत, आईच मानायची. तो दर शुक्रवारी जायचा आणि तिथे तासन् तास बसायचा, आणि इकडे औषधांची यादी, पैशांची जुळवाजुळव, डॉक्टरांशी बोलणं सगळं माझ्यावर. मला खूप राग यायचा. एक दिवस मी बोलले त्याला, तू देवावर सोडून मोकळा झालास. तेव्हा तो म्हणाला ताई मी तिथे जाऊन काही मागत नाही, मला डॉक्टरांच्या समोर बसायची भीती वाटते म्हणून मी तिथे जाऊन बसतो, तिथे कोणी मला काही विचारत नाही.

मी तेव्हा गप्प झाले. तो देवावर सोडत नव्हता, तो लपत होता. आणि मला वाटते देवाने त्याला लपू दिलं, हाकललं नाही. पण कोणीतरी त्याला तिथून हाताला धरून उठवायला पाहिजे होतं आणि ते मी उशिरा केलं. मी त्याला यादीतलं सगळ्यात छोटं काम दिलं, फक्त रिपोर्ट आणायचे, डॉक्टरांशी बोलायचं नाही. मग हळूहळू तो केमोच्या वेळी आत बसायला लागला. शेवटच्या महिन्यात आईला तोच भरवायचा.

तुमचे मिस्टर दुपारी बाहेर जातात ते कुठे जातात हे तुम्ही त्यांना कधी प्रेमाने विचारलं का? 9 वर्षं एकाच ठिकाणी इमानाने काम केलेल्या माणसाला एका दिवशी घरी पाठवलं तर तो आतून किती मोडत असेल. वेळ आली की होईल असं म्हणणं कधी कधी विश्वास असतो आणि कधी कधी मला परत 'नाही' ऐकायचं नाही याचं ते दुसरं नाव असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पत्नीलाच फरक कळू शकतो.

आई गेली, हे लपवत नाही, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी बरं झालं म्हणून असं बोलते. मी देवावर रागावले होते, सहा महिने दिवा नाही लावला. आता लावते. का लावते ते मला नीट सांगता येणार नाही.

निवृत्त_मास्तर_महाल

सौ. ताई, सप्रेम नमस्कार. वय 71, टायपिंगच्या चुका समजून घ्याव्या.

तुमच्या सासूबाईंच्या वाक्यावर मी काल दिवसभर विचार केला. देवाला काय काम उरलं. वाक्य वाईट नाही, पण त्यात एक गैरसमज आहे की काम एकच आहे आणि ते एकतर आपण करायचं किंवा देवाने. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही काम सिद्धीला जायला पाच गोष्टी लागतात असं सांगितलं आहे. अधिष्ठान म्हणजे जागा, शरीर, आधार. कर्ता. वेगवेगळी साधनं. नाना प्रकारच्या हालचाली, प्रयत्न. आणि दैव पाचवं. मी शाळेत मुलांना शिकवताना नेहमी विचारायचो, दैव कितवं? पाचवं. म्हणजे ते नाही असं नाही, त्याच्याशिवाय काम होतच नाही, पण आधीच्या चार जागा रिकाम्या ठेवून पाचव्याला बोलावलं तर ते बसणार कुठे? आणि उलट ज्याला वाटतं की सगळं मी एकटाच करतो त्याचीही समज अपुरी आहे, हेही त्याच ठिकाणी पुढच्या श्लोकांत स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या घरात तुम्ही चौथ्या जागेवर बसला आहात आणि सासूबाई पाचवीकडे बघून हात जोडून आहेत. भांडण नाहीच यात.

आता पुस्तकातलं सोडतो आणि पायातलं सांगतो. निवृत्तीनंतर मी आळंदीहून पंढरपूरला माऊलींच्या पालखीसोबत पायी गेलो. जाण्याआधी मला वाटायचं की वारी म्हणजे सगळं विठोबावर सोडून चालत सुटणं. तिथे गेल्यावर पाहिलं तर इतकी आखणी मी शाळेच्या स्नेहसंमेलनात पण पाहिली नव्हती. पालखी कोणत्या दिवशी कुठे मुक्कामाला असणार, दुपारचा विसावा कुठे, हे आधीपासून ठरलेलं. रथाच्या पुढे कोणत्या दिंड्या, मागे कोणत्या, प्रत्येक दिंडीला नंबर, आणि तो नंबर सोडून कोणी इकडचा तिकडे होत नाही. आमचं सामान पहाटेच ट्रकने पुढे जायचं, तंबूवाले पुढे, पाण्याचा टँकर, स्वयंपाकाच्या बाया आमच्याही आधी पोहोचलेल्या. चोपदाराने चोप उंच केला की हजारो माणसं एका क्षणात शांत. एवढ्या लोकांचा देवावर विश्वास नाही असं कोण म्हणेल? आणि तरी गव्हाचं पीठ किती लागेल हे त्यांनी मोजून आणलेलं असतं.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात अवघड, त्यात दिवेघाट, तीस किलोमीटरच्या वर चाल. मी सकाळी घाबरलो होतो. माझ्याबरोबर चालणारे एक म्हातारे वारकरी होते, मला म्हणाले मास्तर पंढरपूरचा विचार करू नका, सासवडचा पण करू नका, तो पुढचा पताकेवाला दिसतो ना त्याच्या टाचेकडे बघा. मी दिवसभर त्या टाचेकडे पाहत चाललो. घाटात पाऊस लागला, तो कोणाच्या वेळापत्रकात नव्हता. लोक पाऊस आला म्हणून नाचायला लागले आणि त्याच वेळी विणेकऱ्याने विणा प्लास्टिकमध्ये गुंडाळली. ते प्लास्टिक त्याने घरून आणलं होतं. मला ते प्लास्टिक अजून आठवतं.

एक आठवडा लिहिता हे बरोबर आहे. पंढरपूर माहीत असावं, पण लिहायचा तो आजचा मुक्काम.

इंदोरा_चौक

जय भीम ताई. मी बौद्ध आहे, देव मानत नाही, त्यामुळे त्या बाजूने मी काही बोलणं योग्य नाही. पण घरात असाच प्रसंग आम्ही पाहिला आहे म्हणून लिहितो. आमचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते, गिरणीत कामगार होते, आणि त्यांनी आम्हाला एकच शिकवलं की स्वतःच स्वतःचा दिवा व्हायचं. गिरणी सुटली तेव्हा त्यांनी रोज रात्री उद्या कोणाकडे जायचं ते एक नाव ठरवून झोपायचं असं केलं. एकच नाव. तुमची वही वाचून मला तेच आठवलं. तुम्ही त्याला श्रद्धा म्हणा, मी शील म्हणेन, काम तेच आहे.

मी अकाउंट्समध्ये आहे, तर चार गोष्टी कामाच्या सांगतो, त्या वहीत लिहून घ्या.

मिस्टरांची 9 वर्षं सलग झाली म्हणता, म्हणजे ग्रॅच्युइटी, नोकरी सुटताना कंपनी देते ती रक्कम, त्यांचा हक्क आहे, सलग 5 वर्षं झाली की मिळते. हिशोब असा, शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), त्याला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं, आणि आलेल्याला वर्षांनी गुणायचं. समजा बेसिक आणि डीए मिळून 18,000 असेल तर जवळपास 93 हजार होतात. ती मिळाली का? तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो. मिळाली नसेल तर कंपनीकडे लेखी अर्ज द्या, तोंडी नको, पोच घ्या. बऱ्याच लोकांना वाटते कंपनी बंद झाली म्हणजे ते बुडालं, तसं नाही.

दुसरं, पीएफ. घाबरून सगळा काढू नका. त्यात पेन्शनचा भाग असतो आणि पेन्शनचा हक्क लागायला 10 वर्षांची सेवा लागते. त्यांची 9 झाली. नवीन नोकरी लागली की तोच युएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर द्यायचा, जुनी सेवा पुढे जोडली जाते, एकच वर्ष कमी आहे. पेन्शनचा पैसा काढून घेतला तर ती 9 वर्षं गेली. हे मी माझ्या ओळखीतल्या दोन माणसांचं डोळ्याने पाहिलं आहे, दोघांनाही आता हळहळ वाटते.

तिसरं, बँक. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, चुकल्यावर नाही. 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जाते आणि मग त्यांची भाषा बदलते. आधी गेलं तर मुदत वाढवून हप्ता कमी करायचं विचारता येते. होईलच असं नाही, पण विचारायला जाताना मिस्टरांना सोबत न्या, कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघंही लागतीलच.

चौथं, कंपनीचा मेडिक्लेम असेल तर नोकरीबरोबर तो पण गेला हे लक्षात घ्या. घरात वय झालेलं माणूस आहे. रेशन कार्ड बाहेर काढा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं, म्हणजे मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचं, विचारून ठेवा, जवळच्या योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात ते सांगतात. आजारी पडल्यावर धावण्यापेक्षा आता एका दुपारचं काम आहे.

एका आठवड्यात चारही करू नका. एक करा.

काटोलवाला

इंदोऱ्याच्या भाऊनं लाखमोलाचं सांगतलं. ग्रॅच्युइटीचं पहिले पाहा.

सकाळची_पहिली_बस

नऊ दिवसांनी लिहून राहिले. सगळ्यांचे खूप आभार, मी प्रत्येकाचं उत्तर वहीत उतरवून घेतलं आहे, मास्तर काकांचं ते पाचव्या जागेचं सुद्धा.

धरमपेठच्या ताई, तुमचं वाचल्यावर मी दोन दिवस काहीच बोलले नाही. मग रविवारी मी मिस्टरांना म्हटलं चला आपण दोघंच फिरून येऊ, मुलीला आजीजवळ ठेवलं. फुटाळ्याला गेलो, मक्याचं कणीस घेतलं, आणि मी विचारलं दुपारी कुठे जाता. ते खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले बसने हिंगण्याला जातो. कंपनीच्या गेटसमोर जो चहावाला आहे तिथे बसतो आणि परत येतो. तिथे अजून तीन चार जण येतात, सगळे जुने. कोणी कोणाशी जास्त बोलत नाही. आणि म्हणाले की त्यांच्या जुन्या सुपरवायझरला बुटीबोरीला दुसरीकडे काम लागलं आहे, त्यांचा नंबर आहे मोबाईलमध्ये, पण फोन लावला आणि तो नाही म्हणाला तर मग माझ्याकडे काहीच उरणार नाही, म्हणून ते लावत नाहीत. पोथी वाचताना पण तेच डोक्यात असते म्हणाले. मी महाराजांना सांगतो की मला फोन लावायची ताकद द्या, आणि मग लावत नाही, आणि मग पोथी वाचायची पण लाज वाटते.

मला वाटत होतं की त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा जास्त आहे म्हणून ते शांत आहेत. मी त्या माणसावर दोन महिने मनातल्या मनात रागावून राहिले.

आम्ही तिथे बसूनच ठरवलं की वहीत त्यांचं पण एक पान ठेवायचं, आणि त्यात दिवसाला एकच ओळ. इंदोऱ्याच्या दादांच्या आजोबांसारखं एक नाव. सोमवारी फक्त जुनी पगाराची स्लिप शोधायची होती, ती सापडली. मंगळवारी ग्रॅच्युइटीचा अर्ज लिहिला, मी लिहिला त्यांनी सही केली. बुधवारी नेऊन दिला, पोच घ्यायला विसरले म्हणून गुरुवारी परत गेले आणि पोच घेऊन आले, आणि त्या दिवशी संध्याकाळी पोथी मोठ्याने वाचली, बऱ्याच दिवसांनी मोठ्याने. सुपरवायझरला फोन शुक्रवारी लावला. तो नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही, पुढच्या महिन्यात सांगतो म्हणाला. मिस्टर बाहेर आले आणि म्हणाले लावला. एवढंच. मी चहा केला.

पैशाचं तसंच आहे, त्यात काही जादू झाली नाही. ट्यूशनला तीन मुलं मिळाली आहेत, पाच पाहिजेत. बँकेचं या आठवड्याच्या पानावर आहे.

आणि एक गोष्ट जी मी लिहू का नको असं करत होते. काल सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, वहीकडे पाहत होत्या. मला वाटलं परत काही बोलतील. त्या म्हणाल्या त्याच्यात माझं एक लिही. मी म्हटलं काय लिहू आई. तर म्हणाल्या माझ्या बीपीच्या गोळ्या. मी म्हटलं त्या तर महिन्याच्या आणल्या होत्या, अजून असतील. तेव्हा त्यांनी डबीतून पाकीट काढलं, त्यात अर्ध्या अर्ध्या तोडलेल्या गोळ्या होत्या. नोकरी गेल्यापासून रोज अर्धीच घेत होत्या. कोणाला सांगितलं नाही, म्हणे देव पाहून घेईल, तुमचे पैसे वाचतील. आणि म्हणाल्या दोन दिवसांपासून डोकं भणभणते.

मी लिहिलं. सगळ्यात वर लिहिलं. आज मिस्टर त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले आहेत, अजून आले नाहीत. चतुर्थीला टेकडीवर मी सोबत जाईन म्हणाले आहे त्यांना, आता एकटीने नाही जाऊ देणार.

रेशन कार्डचं मी बुधवारी विचारते, कोणत्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र कोणत्या वेळेत भेटतात कोणाला माहीत असेल तर सांगा.

इंदोरा_चौक

ताई साधारण सकाळी ओपीडीच्या वेळेत गेलं तर भेटतात. रेशन कार्ड आणि सगळ्यांचे आधार, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या. गोळ्या आता कमी जास्त करू नका, डॉक्टर सांगतील तेवढ्याच पूर्ण द्या.

आईची_मोठी_मुलगी

आई घरी आल्या का? बीपी किती निघालं ते लिहा.

सकाळची_पहिली_बस

आल्या. 170 वर 100 होतं. डॉक्टरांनी पूर्ण गोळी सुरू केली, आठ दिवसांनी परत बोलावलं आहे. तारीख वहीत टाकली. मिस्टरांच्या पानावर टाकली.